अण्णांची पुस्तकं हॉलमधून हलवायची कशी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर कळेल. जुळे सोलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट, सगळ्यात वरचा मजला. हॉलमध्ये भिंतभर काचेची शोकेस, शेजारी लोखंडी रॅक आणि टीव्हीखालचे दोन खण सीडी-डीव्हीडीनं ठासून भरलेले. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. ते निवृत्त शिक्षक आहेत, वय ८१. त्यांचे पंचवीसेक वर्षांचे दिवाळी अंक, विश्वकोशाचे खंड, ऑडिओ कॅसेटींची दोन खोकी, शिवाय तुमच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट. मुलीच्या अभ्यासाचं टेबल मांडायला जागा नाही. पाहुणे आले की खुर्च्या बाल्कनीतून आणाव्या लागतात. तुमचे यजमान म्हणतात, "रद्दीवाल्याला बोलवू." अण्णा म्हणतात, "मी गेल्यावर बोलवा." आणि या दोघांच्या मध्ये उभ्या राहून तुम्ही विचारताय की सुरुवात कुठून करू.

मी सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. लोकांना वाटतं ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं जपणारी बाई. खरं तर माझं बरंच आयुष्य पुस्तकं काढून टाकण्यात गेलंय. आमच्याकडे त्याला निर्लेखन म्हणतात. फाटलेली, कालबाह्य झालेली, वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं दाखल नोंदवहीतून रीतसर कमी करायची. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीच्या घरी जाऊन हेच करते. तेव्हा पुढचं जे सांगतेय ते हात काळे करून शिकलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात 'पसारा' हा शब्द सात वेळा आलाय, मी मोजला. 'कुणाचं' हा शब्द एकदाही नाही. माझ्या अनुभवात अडतं ते इथंच. तुम्ही सगळ्याला मिळून 'अण्णांची पुस्तकं' म्हणताय, पण खात्रीनं सांगते, त्या हॉलमध्ये पाच जणांचा माल आहे. यजमानांच्या कॉलेजच्या जाडजूड गाईड असतील, त्यांनीच हौसेनं घेतलेल्या डीव्हीडी असतील. मुलीची पाचवीपासूनची पाठ्यपुस्तकं असतील. तुमची पाककृतींची पुस्तकं, भिशीत मिळालेली, लग्नात भेट आलेली. आणि पाचवा मालक म्हणजे 'कुणाचंच नाही': बँकेच्या डायऱ्या, कंपन्यांची कॅलेंडरं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, शेजारी सोडून जाताना ठेवून गेले ते. अण्णांना वाटतंय की सगळी स्वारी आपल्यावरच आहे, आणि म्हणून ते सगळ्याचीच पाठराखण करतायत, स्वतःच्या नसलेल्या गाईडांचीसुद्धा.

म्हणून पहिल्या रविवारी एकही वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नका. फक्त चिठ्ठ्या लावा. जुन्या वहीचे कागद कापून प्रत्येकाच्या नावाची खूण करा आणि ज्याचं त्यानं आपापल्या पुस्तकांत घालावं. चिठ्ठी नसलेलं उरतं ते पाचव्या मालकाचं. विजापूर रोडवरच्या एका घरी आम्ही हे केलं तेव्हा तिथल्या काकांची छाती दडपलेली दिसत होती. संध्याकाळी त्यांनी बघितलं की त्यांची चिठ्ठी जेमतेम दोन फळ्यांवर आहे आणि मुलाची चार फळ्यांवर. एकदम हसले, म्हणाले, "मग मलाच काय बोलताय की ओ!" त्यानंतर त्यांनी स्वतःहून दोन पिशव्या काढल्या.

आता काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि त्यांवर उत्तर बदलतं. अण्णांची नजर कशी आहे? बारीक टाइप वाचवत नसेल तर पुस्तकं कमी करण्याआधी मोतीबिंदूची तपासणी आणि एक चांगला दिवा, हे आधी. त्यांची स्मरणशक्ती अलीकडे दगा देतेय का? तसं असेल तर त्यांच्या खुर्चीच्या हाताशी असलेली फळी अजिबात हलवू नका. अशा माणसाला पुस्तकांच्या जागा पाठ असतात, त्या आधारावर दिवस चाललेला असतो. घर भाड्याचं आहे का, भिंतीत खिळे ठोकता येतील का, आतल्या खोलीत एक भिंत मोकळी आहे का, हेही बघा. आणि सगळ्यात आधी शोकेस भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून मागे टॉर्च मारा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. मग निवडानिवड वगैरे राहू द्या. पेस्ट कंट्रोलवाल्याला आधी बोलवा आणि त्या कपाटातलं पुस्तक दुसऱ्या कपाटात नेऊ नका.

समजा वाळवी नाही. मग कुठलं पुस्तक हॉलमध्ये राहावं हे ठरवायला माझी एक गावठी तपासणी आहे. वाचनालयात आम्ही पुस्तकामागच्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के बघायचो, शेवटची देवघेव कधी झाली ते कळायचं. घरी शिक्के नसतात, पण सोलापुरात धूळ असते. पुस्तक अर्धं बाहेर ओढा आणि त्याच्या माथ्यावरून बोट फिरवा. काचेच्या शोकेसमध्येसुद्धा फटीतून धूळ शिरतेच. बोट स्वच्छ निघालं तर पुस्तक वापरात आहे. पुसट करडा डाग पडला तर वर्षात कधीतरी हात लागलाय. आणि बोटावर पिठासारखा थर आला, तर ते पुस्तक कितीही थोर असो, त्याला हॉलमधल्या जागेचं काम नाही. त्याला घरात जागा द्यायची की नाही, हा पुढचा आणि वेगळा प्रश्न. हे दोन प्रश्न एकत्र केले की घरात भांडण होतं. 'हॉलमधून आत' आणि 'घरातून बाहेर' यांत फार अंतर आहे. अण्णांशी बोलताना पहिले दोन महिने फक्त पहिलाच शब्द वापरा.

कामाला हात पाचव्या मालकापासून घाला. इथं भावना अडकलेल्या नसतात आणि रिकामी झालेली फळी डोळ्यांना दिसते. काय जाऊ शकतं याची थोडी उदाहरणं देते, कारण लोक इथंही उगाच अडतात. नकाशासंग्रह २०१४ आधीचा असेल तर त्यात तेलंगणा वेगळं राज्य नाही, पोरीच्या अभ्यासाला तो चुकीचाच. भारतीय दंड संहितेवरची मार्गदर्शक पुस्तकं १ जुलै २०२४ पासून, न्याय संहिता लागू झाल्यावर, नव्या अभ्यासाला निरुपयोगी झाली. घरात वकील असेल तरच ठेवा, जुने खटले अजून जुन्या कलमांवर चालतात. 'घरच्या घरी औषधोपचार' छापाची तीस वर्षांपूर्वीची पुस्तकं तर दानसुद्धा करू नका, कुणी त्यावरून पोराला औषध देईल. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं एक-दोन वर्षांतली असतील तर एखाद्या अभ्यासिकेत हसत घेतील, त्याहून जुनी असतील तर रद्दी. डायऱ्यांत कोरी पानं असली तरी आधी प्रत्येक डायरी उलटून बघा. हिशेब, पत्ते, क्वचित नोटा निघतात.

दुसऱ्या क्रमांकावर कॅसेटी आणि चकत्या. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण इथं चूक झाली की ती भरून येत नाही. पुस्तक फेकलं तर त्याची दुसरी प्रत कुठंतरी असते.

माझीच गोष्ट सांगते. सासूबाई गेल्यावर त्यांच्या खोलीतल्या कॅसेटी मी निवडायला घेतल्या. एकीवर निळ्या बॉलपेननं 'भजन, भाग २' लिहिलेलं होतं. भजनं काय बाजारात मिळतात, म्हणून मी ती बाकीच्यांबरोबर भंगारात दिली. महिन्याभरानं धाकटे दीर आले आणि सहज म्हणाले, "वहिनी, ती आईच्या ओव्यांची कॅसेट कुठंय हो? भजनाच्या कॅसेटीच्या मागच्या बाजूला टेप केल्या होत्या आम्ही." जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या, मागे जात्याची घरघर, मधूनच नातवाला दिलेली हाक. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या नोंदी ठेवणारी बाई मी, आणि घरातली एक कॅसेट उलटून ऐकली नाही. तेव्हापासून हाताच्या अक्षरात लेबल असलेली कुठलीही कॅसेट दोन्ही बाजूंनी, निदान सुरुवात, मधला भाग आणि शेवट ऐकल्याशिवाय मी बाहेर जाऊ देत नाही.

छापील लेबलाच्या आणि हाताने लिहिलेल्या अशा दोन ढिगांत कॅसेटी वेगळ्या करा. छापील ढिगातलं नाट्यसंगीत, भावगीतं, सिनेमाची गाणी आज फोनवर सहज मिळतात. तरी अण्णांना विचारून पाच-दहा ठेवा. मात्र त्याही ढिगात कॅसेटीच्या वरच्या कडेला बघा, लेबलच्या वर दोन्ही टोकांना दोन छोट्या चौकोनी खाचा असतात. विकतच्या कॅसेटीत त्या उघड्या असतात, म्हणजे तिच्यावर रेकॉर्डिंग होत नाही. त्या खाचांवर कुणी सेलोटेप चिकटवलेली दिसली तर समजा, विकतच्या कॅसेटीवर घरातलं काहीतरी टेप केलंय. ती दुसऱ्या ढिगात. आणि हाताने लिहिलेल्या कॅसेटींच्या खाचांवर प्लास्टिकचे पापुद्रे शाबूत असतील तर ते आत्ताच मोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही.

ऐकायला टेपरेकॉर्डर लागेल. घरातला वर्षानुवर्षं बंद असेल तर आधी त्यात छापील ढिगातली एक कॅसेट घालून बघा, फीत खातोय का ते कळेल. फीत सैल असेल तर भोकात पेन्सिल घालून फिरवा, हे तुम्हाला सांगायला नको. आवाज दबलेला येत असेल तर फितीच्या मागे मधोमध नमद्याचा एक चिमुकला तुकडा असतो तो बघा, बहुतेक डिंक सुकून पडलेला असतो. एखाद्या टाकाऊ कॅसेटीतला काढून लावता येतो. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र ती लावू नका, यंत्राचं हेडही खराब होतं. आपल्या कोरड्या हवेत हे कोकणातल्यापेक्षा कमी दिसतं, पण कूलरसमोरच्या खणात मी बघितलंय.

कॉम्प्युटरवर घेताना एक हिशेब लक्षात ठेवा: तासाची कॅसेट घ्यायला तासच लागतो. ऐंशी कॅसेटी म्हणजे ऐंशी तास, म्हणून सगळं डिजिटल करू असं ठरवणारे काहीच करत नाहीत. दहा-बारा घरगुती कॅसेटी निवडा, त्या दर रविवारी एक अशा संपतात. तासाभराची सीडीच्या दर्जाची फाइल साधारण ६०० एमबी होते, म्हणजे सगळं मिळून एका पेनड्राइव्हवर मावतं. पण एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका. एक प्रत घरात, एक नणंदेकडे किंवा भावाकडे, एक ऑनलाइन. फाइलच्या नावात माणसाचं नाव आणि साल घाला, 'नवीन १' असं लिहून ठेवू नका.

लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींचं काम त्याहून तातडीचं. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनं २०१६ साली उत्पादन बंद केलं. आता जी यंत्रं चालतायत ती जुनीच, दुरुस्त करून वापरलेली, आणि ती चालवता येणारी माणसंही कमी होतायत. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे अजून हे काम होतं. मूळ कॅसेट परत मागून घ्या आणि फाइल पूर्ण बघितल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. काही ठिकाणी विधी अर्ध्यावर तुटतात आणि नेमक्या पंगती तेवढ्या राहतात.

सीडी-डीव्हीडीत विकतच्या आणि घरी 'बर्न' केलेल्या यांत फरक करा. घरी बनवलेल्या चकतीत माहिती एका रंगाच्या थरात असते. ऊन आणि उष्णता लागली की तो थर मरतो आणि बाहेरून काही कळत नाही. लॅपटॉपला आता ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो, तो शेजारीपाजारी मिळून एक घेतला तरी चालतो. सीडीची चकचकीत बाजू जपण्याची सगळ्यांना सवय आहे, पण खरा नाजूक भाग वरचा, लेबलचा. माहितीचा थर त्याच्याच लगेच खाली असतो, म्हणून तिथं बॉलपेननं टोचून लिहू नका. विकतच्या सिनेमांचं सोपं आहे. डीव्हीडीची एक डबी चौदा मिलिमीटर जाड, म्हणजे शंभर डब्यांना साडेचार फूट फळी लागते. त्याच शंभर चकत्या कप्प्यांच्या फोल्डरमध्ये घातल्या तर एका जाड पुस्तकाएवढ्या होतात. काही न फेकता टीव्हीखालचा एक अख्खा खण तुम्हाला इथंच मिळतो. टाकाऊ कॅसेटी आणि चकत्या जाळू मात्र नका, धूर फार वाईट. सुक्या किंवा ई-कचऱ्यात द्या.

इथपर्यंत आलात म्हणजे चिठ्ठ्या झाल्या, पाचव्या मालकाचा माल गेला, चकत्या फोल्डरमध्ये गेल्या, आणि अण्णांच्या एकाही पुस्तकाला तुम्ही हात लावलेला नाही. हा क्रम मी मुद्दाम ठेवते. तोपर्यंत त्यांचा विश्वास बसलेला असतो आणि कधीकधी ते स्वतःच म्हणतात, "त्या दिवाळी अंकांचं काय ते बघा एकदा."

दिवाळी अंकांबद्दल मराठी माणूस हळवा असतो, १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला काढला तेव्हापासूनची ही परंपरा. पण सुटे, मधले मधले, वेगवेगळ्या मासिकांचे पंचवीस वर्षांचे अंक कुठलंही वाचनालय घेणार नाही, हे मी त्या टेबलामागे बसून शेकडो लोकांना नम्रपणे सांगितलंय. एकाच मासिकाचे सलग, एकही न चुकलेले वीस वर्षांचे अंक असतील तर गोष्ट वेगळी, अभ्यासकाला ते हवे असतात. म्हणून आधी अंक नावानुसार लावा, मग सालानुसार. सलग संच असेल तर तो बांधून ठेवा. बाकीच्यांतून अण्णांना दहा काढायला सांगा. "काय टाकायचं?" असं विचारू नका, "कुठले दहा ठेवायचे?" असं विचारा. मी उरलेल्यांच्या अनुक्रमणिकेच्या पानांचे फोनवर फोटो काढून देते. नंतर ते फोटो फारसं कुणी बघत नाही, हे कबूल करते, पण अंक हातातून सोडताना आधार होतो. इथून पुढे यंदाचे अंक वाचून झाले की संक्रांतीच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आत वाचनालयाला द्या. ताजा अंक सगळ्यांना हवा असतो.

आता अण्णांची पुस्तकं. तुम्ही विश्वकोशाबद्दल खास विचारलंय. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, एकूण खंड वीस, आणि आता ते सगळे इंटरनेटवर फुकट वाचता येतात. माहितीसाठी म्हणाल तर छापील खंडांची गरज उरलेली नाही. पण शिक्षकाच्या पगारातून एकेक खंड घेतलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवू नका. हे खंड आतल्या खोलीत, सगळ्यात खालच्या फळीवर जातील. अण्णांना टॅबवर विश्वकोश उघडून द्या, अक्षर मोठं करता येतं ते दाखवा. मी बघितलेल्या दोन घरांत त्यानंतर खंडांचा विषय आपोआप थंडावला. एका घरात काही उपयोग झाला नाही. तिथं खंड हॉलमध्येच आहेत, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलेलं नाही.

काय अजिबात टाकायचं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाजलेली कादंबरी गेली तर परत मिळते. पण अण्णांकडे सोलापूरचं म्हणून जे काही असेल त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करा. शाळांच्या स्मरणिका, गणेश मंडळांचे अहवाल, गिरणी कामगार संघटनांची पत्रकं, १९४१ किंवा २००६ च्या इथल्या साहित्य संमेलनाचे कागद, १९३०च्या इथल्या मार्शल लॉवर आणि तेव्हा फाशी दिलेल्या चार हुतात्म्यांवर कुणी गावातच छापलेली पुस्तिका, स्थानिक कवीनं पदरमोड करून काढलेला संग्रह. दिसायला हे सगळ्यात फालतू: पातळ, पिना गंजलेल्या, कव्हर नाही. रद्दीत पहिलं हेच जातं. दोनशे-तीनशे प्रती निघालेल्या असतात आणि अभ्यासकाला नेमकं हेच मिळत नाही. असं काही निघालं तर हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकदा विचारून बघा.

दुसरं, लिपी वाचता येत नाही म्हणून टाकू नका. आपल्या गावात आजीची कन्नड पोथी, आजोबांचं तेलुगू पंचांग, कुणाची उर्दू शाळेची पुस्तकं, हे एका घरात सापडणं काही नवं नाही. शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाकडून पहिलं पान वाचून घ्या, नाव आणि साल लिहून ठेवा, मग ठरवा. पोथ्या रद्दीत देत नाहीत हे तुम्ही जाणताच. चांगल्या स्थितीतल्या जादा प्रती मठात किंवा देवळात विचारून द्या. आणि कुठल्याही पुस्तकाचं पहिलं पान बघितल्याशिवाय ते पिशवीत टाकू नका. सही, भेटीचा मजकूर, मागे ठेवलेलं पत्र. अण्णांच्या विद्यार्थ्यांनी दिलेली पुस्तकं असतील, तर पुस्तक जाऊ दे, ते पान जाऊ देऊ नका.

आत हलवलेली पुस्तकं ठेवायची कुठं, यात आपल्या हवेचा विचार करावा लागतो. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना स्लॅबखालच्या माळ्यावर भट्टी असते. पुस्तकांचा डिंक सुटतो, कॅसेटी वाकतात. माळ्यावर पुस्तकं नकोत, कॅसेटी तर नकोच नकोत. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून कपाट ठेवू नका, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. आणि कूलर! आपल्याकडे पुस्तकांना खरी ओल पावसाळ्यात लागत नाही, एप्रिल-मेमध्ये कूलरमुळे लागते. झोताच्या रेषेत कपाट असेल तर दोन उन्हाळ्यांत पानांना लाटा येतात, चकचकीत पानं एकमेकांना चिकटतात. बहुतेक घरांत कूलर हॉलमध्येच असतो, म्हणून अण्णांना हे कारण सांगून बघा. पुस्तकांच्या भल्यासाठी आत नेतोय म्हटलं की ऐकतील, आणि ते खोटंही नाही.

फळीवर एक फूट पुस्तकांचं वजन नऊ-दहा किलो भरतं. तीन फुटी फळी म्हणजे तीस किलो. स्वस्त फर्निचरमधली भुशाची फळी वर्षात पोटात वाकते. सुताराला अठरा मिलिमीटरचा प्लाय आणि अडीच फुटांवर आधार द्यायला सांगा. भिंतीतलं कडप्प्याचं कपाट असेल तर त्याहून चांगलं काही नाही. डांबराच्या गोळ्या कॅसेटींजवळ नकोत, त्यांच्या वासानं प्लास्टिक खराब होतं. कसर दिसलेलं एखादं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर पिशवी न उघडता दिवसभर बाहेर राहू द्या. घरातले हसतील, हसू द्या.

द्यायचं ठरलं तर यादी करून द्या: नाव, लेखक, स्थिती. शहरातल्या मोठ्या वाचनालयांत बहुतेक पुस्तकं आधीच असतात. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडच्या गावांतल्या 'ड' वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यात छोट्या वाचनालयांना तुमची धड स्थितीतली कादंबरी आणि मुलांची पुस्तकं खरंच लागतात. आधी फोन करा, पोतं नेऊन दारात ओतू नका. पान दुमडलं की मोडतंय इतका कागद पिवळा पडलेला असेल तर ते दान नाही, आपलं ओझं दुसऱ्याच्या दारात टाकणं आहे.

हॉलमध्ये शेवटी काय उरावं? मी एक छोटं उघडं शेल्फ ठेवते, अण्णांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, बसल्या जागेवरून हात पोचेल अशा उंचीवर. त्यात काय ठेवायचं ते फक्त अण्णा ठरवतील, आणि भरलं की नवं घालायला जुनं आत, एवढा एकच नियम. मुलीचं टेबल शोकेसच्या जागी जाईल. शोकेस मोडून तिच्याच फळ्या आतल्या खोलीत लावता येतात का, ते सुताराला विचारा, बऱ्याचदा येतात.

दिवाळीच्या सफाईपर्यंत थांबू नका. तेव्हा हाताशी वेळ नसतो आणि घाईत नेमकं नको ते जातं. येत्या रविवारी फक्त चिठ्ठ्या. आणि विश्वकोशाचे खंड मोजून कळवा. मधला एखादा नसेल तर माझ्याकडे निर्लेखनात विकत घेतलेले दोन सुटे खंड पडून आहेत, जुळला तर अण्णांना देईन.